एक मूल, अनेक भाषा : प्रस्तावना

नागपूरजवळच्या खापरखेड्यात भाषा कोळशाच्या मागोमाग आल्या. एकोणीसशे पन्नासच्या दशकात इथे जुने वीजघर होते. १९८९ पासून औष्णिक विद्युत केंद्राचे २१० मेगावॅटचे चार संच एकेक करून उभे राहिले आणि पुढे ५०० मेगावॅटचा पाचवा आला. सभोवार सिल्लेवाडा, वलनी इथल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलिच्या) खाणी होत्याच. या कामांवर सावनेर-पारशिवनीच्या खेड्यांतली माणसे आली, तशीच छत्तीसगडची, बिहार-उत्तर प्रदेशची, छिंदवाड्याकडची आणि तेलुगू मुलखातली आली. कोणी कायम नोकरीत, कोणी ठेकेदाराकडे, कोणी विटांच्या भट्टीवर. त्यांची मुले इथेच जन्मली आणि इथल्याच चौकात बोलायला शिकली. अशा मुलाला आजी छत्तीसगडीत हाक मारते, शेजारची काकू वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मराठीत रागावते, खेळातली भांडणे हिंदीत होतात आणि शाळेच्या वहीवर इंग्रजीत शेरा येतो. त्याला यात काही विशेष वाटत नाही. विशेष वाटते ते मोठ्यांना, आणि बहुधा काळजीच्या रूपाने.

ही काळजी दवाखान्यात, अंगणवाडीत, पालकसभेत एकाच चालीवर ऐकू येते : ‘पोट्टं अडीच वर्षाचं झालं, अजून धड बोलत नाही. घरात तीन भाषा चालतात, त्याच्यानंच तर असं होऊन नाही राह्यलं?’ दुसऱ्या टोकाला अलीकडे एक उत्साह आला आहे. अनेक भाषा बोलल्याने मेंदू तल्लख होतो, म्हातारपणी विस्मरण होत नाही, असे संदेश मोबाइलवर फिरतात आणि तीन वर्षांच्या मुलाला फ्रेंचच्या शिकवणीला घालावे का, असेही पालक विचारतात. हे पुस्तक या काळजीसाठी आणि या उत्साहासाठी, दोन्हींसाठी लिहिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अनेक भाषांमुळे मुलाचे नुकसान होत नाही. त्यांच्यापासून होणारा लाभ खरा आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा आणि तसा नाही. भाषांची संख्या किती, यापेक्षा नवी भाषा देताना जुनी काढून घेतली का, यावर पुढचे पुष्कळसे ठरते.

हा विषय मांडायला खापरखेडा हे ठिकाण योग्य आहे, त्याला इतिहासही कारण आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. १९५० नंतर हाच प्रदेश मध्य प्रदेश म्हणून ओळखला जाऊ लागला, तेव्हाही राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. म्हणजे जवळपास शतकभर नागपूर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताचे मुख्य ठाणे होते. कचेरी, बाजार, वर्तमानपत्र, नाटक, सगळीकडे दोन्ही भाषा लागत. टिळकांच्या केसरीचा हिंदी अवतार, ‘हिंदी केसरी’, १९०७ मध्ये नागपुरातूनच निघाला आणि तो काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी बोलण्याच्या सीमा तशाच राहिल्या. सावनेरच्या पुढे गेले की मध्य प्रदेश लागतो, पण सौंसर आणि पांढुर्णा या भागांत घराघरांत मराठी आहे आणि शाळा मात्र हिंदी. इथल्या छत्तीसगडी मुलाची जी गोष्ट, तीच तिथल्या मराठी मुलाची, फक्त उलट बाजूने.

इतके दिवस शेजारी राहिलेल्या भाषा एकमेकींवर खुणा उमटवतात. नागपूरकडचा माणूस ‘काय करून राहिला?’ असे विचारतो. पुण्याच्या कानाला ते चमत्कारिक वाटते, पण ही रचना सरळ हिंदीतल्या ‘कर रहा है’च्या वळणावर घडली आहे, शब्द मात्र सगळे मराठी. उलट नागपुरी हिंदीत ‘वो आयेगा करके बोला’ असे सर्रास ऐकू येते, त्यातले ‘करके’ मराठीतल्या ‘म्हणून’चे काम करते. मराठीचे विस्तृत व्याकरण १९९७ मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या राजेश्वरी पंढरीपांडे यांनी नागपूरच्या या देवाणघेवाणीचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आहे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये, जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांना याहून पुढची अवस्था दिसली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधामुळे ते गाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत पोहोचले. तिथे कन्नड, उर्दू आणि मराठी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या होत्या. घरातली भाषा प्रत्येक समाजाने जपली, तिचे शब्द जपले, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. परक्या समाजातल्या माणसाशी बोलताना मराठी चाले, कारण तिथे ती कोणा एकाच समाजाची समजली जात नव्हती.

या दोन उदाहरणांचा मनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की वाक्यरचना सारखी करून घेण्याचे हे काम कोणी पंडित बसून करत नाही. रोज दोन-तीन भाषांत व्यवहार करणारी साधी माणसे नकळत करतात. एकाच डोक्यात दोन भाषा राहतात तेव्हा त्या बंद खोल्यांत राहत नाहीत. १९९९ मध्ये मायकल स्पिव्ही आणि व्हायोरिका मारियन यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नजरेची नोंद घेऊन हे दाखवले. रशियनमध्ये ‘मार्का’, म्हणजे टपाल तिकीट, हलवायला सांगितले, तर त्यांची नजर क्षणभर समोरच्या ‘मार्कर’ पेनाकडेही जाई, जरी त्या वेळी इंग्रजीचा एक शब्दही कोणी बोलत नव्हते. वापरात नसलेली भाषाही आत जागी असते. द्वैभाषिक म्हणजे एकात दोन एकभाषिक नव्हेत, असा आग्रह फ्रांस्वा ग्रोझाँ यांनी १९८९ पासून धरला आहे, त्याचा आधारही हाच आहे. ज्याच्या दोन भाषा वेगवेगळ्या कामांना लागतात, त्याला दोन्हींत सारखाच शब्दसंग्रह असावा ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. बॉयलरवरच्या कामगाराला कामाचे शब्द हिंदी-इंग्रजीत येतात आणि लग्नाच्या विधींचे छत्तीसगडीत. यात अपुरे काही नाही.

तरीही काळजीचा उगम समजून घेतला पाहिजे, कारण ती केवळ अडाणीपणातून आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञच असे सांगत होते. १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या शाळकरी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या आणि ग्रामीण भागातली वेल्श-इंग्रजी बोलणारी मुले मागे पडतात, असा निष्कर्ष काढला. मुलाचे डोके म्हणजे ठरावीक मापाचे भांडे, त्यात एक भाषा ओतली की दुसरीला जागा कमी, अशी ही समजूत. पुढे चुका दिसू लागल्या. शहर आणि खेडे, श्रीमंती आणि गरिबी यांतला फरक त्या निष्कर्षांत मिसळून गेला होता. चाचणी पुष्कळदा मुलाच्या कच्च्या भाषेत होती. १९६२ मध्ये माँट्रियलच्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांची, सारख्या आर्थिक स्तरातली मुले घेतली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुले उलट पुढे निघाली. या अभ्यासावरही आक्षेप आला, आणि तो रास्त होता : दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलेच निवडली, तर हुशार मुलेच निवडली गेली नाहीत कशावरून?

या आक्षेपाचे एक चांगले उत्तर आपल्या देशातून आले. अजित मोहंती यांनी ओडिशातल्या फुलबनी भागात कोंध आदिवासी मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. या समाजाचा एक भाग कुई भाषा सोडून पूर्णपणे ओडियावर आला होता, दुसऱ्या भागात कुई आणि ओडिया दोन्ही चालत. जमात तीच, रीतिरिवाज तेच, गरिबीही तीच, फरक फक्त भाषांचा. दोन भाषांची मुले भाषेविषयी विचार करण्याच्या चाचण्यांत आणि इतर बौद्धिक चाचण्यांतही सरस ठरली. यातल्या काही अभ्यासांत शाळेचे तोंड न पाहिलेली मुले होती, म्हणजे श्रेय शाळेला देण्याचीही सोय नव्हती. १९९४ मध्ये मोहंती यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. खापरखेड्याच्या पालकाला माँट्रियलच्या मुलापेक्षा हा कोंध मुलगा जवळचा आहे. म्हणून या पुस्तकात त्याला बरीच जागा दिली आहे.

आता मुलाच्या वाढीकडे, अगदी पाळण्यापासून. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना आपला ‘त’ आणि ‘ट’ ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो कळेनासा झाला होता, कारण त्यांच्या घरच्या भाषेत त्या फरकाला काम नव्हते. बाळ वर्षाचे होईपर्यंत कान घरच्या आवाजांना बसतो. ज्याच्या कानावर दोन भाषा पडतात, त्याचा कान दोन्हींना बसतो. आपल्याकडे हे काम आणखी गुंतागुंतीचे आहे. पाठ्यपुस्तकातला ‘डोळा’ वऱ्हाडी बोलणाऱ्या आजोबांच्या तोंडी ‘डोया’ होतो, हिंदी घरातल्या मुलाच्या जिभेवर ‘ळ’चा ‘ल’ होतो. तीन उच्चारांमागे एकच अवयव आहे, हे मुलाला कोणी समजावत नाही. कोण बोलतो आहे, यावरून ते स्वतःच ओळखते. बोलणाऱ्याकडे पाहून आवाजाचा अर्थ लावण्याची ही सवय बहुभाषिक वस्तीतल्या मुलाला फार लवकर लागते.

बोलायला लागल्यावर मूल भाषा मिसळते. ‘मम्मी, पानी पाह्यजे’ हे वाक्य ऐकून गोंधळ झाला, असे मोठ्यांना वाटते. फ्रेड जेनेसी आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा मिसळीची बारकाईने नोंद केली, तेव्हा तिच्यात नियम सापडले. मूल सहसा वाक्य मोडेल अशा जागी भाषा बदलत नाही, ज्या वस्तूचा शब्द एका भाषेत माहीत नाही तिथे दुसरीतला घेते, आणि दोन वर्षांच्या सुमारास समोरच्या माणसाप्रमाणे मिसळीचे प्रमाण कमी-जास्त करू लागते. मोठी माणसे याच गोष्टी करतात आणि त्याला कोणी आजार म्हणत नाही.

शब्दांची मोजणी हा आणखी एक घोटाळ्याचा भाग आहे. मुलाला मराठीत चाळीस शब्द येतात आणि हिंदीत पन्नास, तर मराठीचा तक्ता हातात घेतलेल्या माणसाला ते मागे पडलेले दिसेल. मायामीत बार्बरा पिअर्सन यांच्या गटाने इंग्रजी-स्पॅनिश बाळांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले, तेव्हा ती एकभाषिक बाळांच्या बरोबरीने निघाली. प्रत्येक भाषेचा वाटा थोडा लहान असू शकतो, कारण दिवसाचे तास तेवढेच आणि ते वाटले जातात. पहिला शब्द, दोन शब्दांचे जोड, हे टप्पे मात्र साधारण त्याच वयात येतात. म्हणून पालकांना आणि अंगणवाडी सेविकांना आमचे ठाम सांगणे आहे : मूल खरोखरच उशिरा बोलत असेल, तर ते सगळ्याच भाषांत उशिरा बोलते, आणि तेव्हा आधी कान तपासून घ्यावेत, मग वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवावे. ‘घरी आता एकच भाषा बोला’ हा त्यावरचा उपचार नाही. त्याने एवढेच होते की आजी गप्प होते, आणि मुलाशी सर्वांत जास्त बोलणारे माणूस घरात कमी होते.

मनाच्या इतर शक्तींवर काय परिणाम होतो, हा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत वादग्रस्त भाग आहे. एलेन बियालिस्टॉक यांनी टोरांटोत दोन दशके दाखवले, की दोन भाषा सतत हाताळणाऱ्यांना नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे, एका नियमावरून दुसऱ्यावर जाणे थोडे सोपे जाते. एक भाषा बोलताना दुसरीला आवर घालण्याची रोजची सवय त्याला कारणीभूत असावी, असा तर्क होता. मग शंका घेणारे पुढे आले. केनेथ पाप यांच्या गटाला २०१३ मध्ये असा लाभ सापडला नाही. लाभ न दिसलेले अभ्यास छापूनच येत नाहीत, याकडे २०१५ मध्ये अँजेला द ब्रुइन यांनी लक्ष वेधले. २०१८ मध्ये मिन्ना लेहटोनेन आणि सहकाऱ्यांनी दीडशेवर अभ्यास एकत्र तपासले आणि ही त्रुटी हिशेबात धरल्यावर प्रौढांमधला लाभ उरतच नाही, असे म्हटले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या ४५२४ मुलांच्या माहितीतही तो दिसला नाही. तेव्हा ‘भाषा शिका, बुद्धी वाढवा’ ही घोषणा या पुस्तकात वाचकाला सापडणार नाही. भाषेविषयीची जाण मात्र निराळी ठेवावी लागते. वस्तू वेगळी आणि तिचे नाव वेगळे, नाव बदलले तरी वस्तू बदलत नाही, समोरच्याला कळेल असेच बोलावे लागते, या गोष्टी अनेक भाषांतल्या मुलाला लवकर उमजतात, आणि याबद्दलचा पुरावा अधिक टिकाऊ आहे.

उतारवयाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास हैदराबादचा आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते आणि त्यांच्यात आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. २०१३ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. निरक्षर रुग्णांतही हा फरक होता, म्हणजे शिक्षणामुळे असे झाले, असे म्हणता येत नव्हते. दोनहून जास्त भाषांनी मात्र अधिक भर पडली नाही. २०१६ मध्ये याच गटाने पक्षाघाताचे ६०८ रुग्ण पाहिले. झटक्यानंतर बुद्धीचे व्यवहार शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्वैभाषिकांत सुमारे ४० टक्के होते, एकभाषिकांत सुमारे २० टक्के. परदेशांत माणसांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, हेही सांगायला हवे. पण पाश्चात्त्य देशांत दुसरी भाषा बहुधा स्थलांतरितांकडे किंवा सुशिक्षितांकडे असते, आणि हैदराबादेत ती रिक्षावाल्याकडे आणि भाजीवालीकडेही असते. म्हणून तिथला पुरावा आपल्याला अधिक लागू आहे. इतकेच की भाषा ही औषधाची गोळी नाही. हैदराबादच्या त्या माणसांनी मेंदूसाठी भाषा शिकल्या नव्हत्या, त्या जगताना लागल्या होत्या.

शाळेचा विषय या सगळ्यांहून निकडीचा आहे. वॉलेस लॅम्बर्ट यांनीच पुढे दोन प्रकार वेगळे केले. एकात नवी भाषा जुनीत भर घालते, दुसऱ्यात ती जुनीला हटवून तिची जागा घेते. पहिल्या प्रकारातल्या मुलांना लाभ दिसतो, दुसऱ्यातली मुले बहुधा दोन्हीकडे कच्ची राहतात. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये याला आणखी एक जोड दिली. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतके मूल साधारण दोन वर्षांत तयार होते, पण त्या भाषेत इतिहास समजून घेणे, कारण सांगणे, उदाहरण सोडवणे, यासाठी पाच ते सात वर्षे लागतात. आपल्या परिसरातल्या अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हे रोज घडते : पुस्तक इंग्रजी, समजावणे हिंदीत, परीक्षा पुन्हा इंग्रजीत, आणि घरची बोली वर्गाच्या बाहेर. मूल इंग्रजीतले उत्तर पाठ करते. त्याला ते उत्तर आपल्या कोणत्याच भाषेत समजावून सांगता येत नाही, आणि ही खरी चिंतेची बाब आहे. कमिन्स यांचा दुसरा मुद्दा दिलासा देणारा आहे : एका भाषेत नीट वाचायला शिकलेल्या मुलाला ते कौशल्य दुसऱ्या भाषेत पुन्हा पायापासून शिकावे लागत नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्याने आपल्याकडे तर ही सोय आयती आहे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर राज्यभर वादळ उठले आणि २९ जून २०२५ रोजी तो मागे घेतला गेला. या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा झेपतात का, हा पहिला. खापरखेड्याच्या कोणत्याही चौकात त्याचे उत्तर मिळते. पहिलीत तीन भाषांचे वाचन-लेखन, पुस्तके आणि परीक्षा एकदम सुरू कराव्यात का, हा दुसरा, आणि याचे उत्तर शिक्षकांची संख्या, वर्गातले तास आणि मुलाच्या घरची भाषा यांवर अवलंबून आहे. पहिल्या प्रश्नाच्या होकाराने दुसऱ्याला होकार मिळत नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने गांधीजींच्या पुढाकाराने मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण, हा पाया ठरवला होता. तो पाया आजही भक्कम आहे. अडचण एवढीच, की इथल्या कित्येक मुलांची मातृभाषा शाळेच्या कोणत्याच माध्यमात बसत नाही.

बोलीचा प्रश्न इथे येतो. ‘मले’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मला’ म्हण, असे सांगण्यात गैर काही नाही. लेखनाला प्रमाण रूप लागतेच. पण ‘मले’ म्हणणे म्हणजे चुकणे, असे सांगितले की मूल वर्गात तोंड उघडायचे थांबते, आणि आई चुकीचे बोलते हेही त्याच वेळी शिकते. मराठीच्या अभ्यासासाठी फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या बोलण्यातले सामाजिक भेद अभ्यासले आणि १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली. बोलीभाषक मुलाला वाचनाकडे कसे न्यावे, याचा विचार करणाऱ्याने ते काम पाहावे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. त्यामागची भावना मोहंतींच्या निष्कर्षांशी जुळते : आपली भाषा पक्की असलेले मूल मराठीकडेही अधिक निर्धास्तपणे जाते.

विदर्भाशी जोडलेल्या एका घराचे उदाहरण या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल, म्हणून त्याची ओळख इथेच करून देतो. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७ ते १९६४) आणि शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१ ते १९८४) हे सख्खे भाऊ. घरची भाषा मराठी, बालपण ग्वाल्हेर-माळव्याच्या हिंदी मुलखात. थोरल्याने हिंदीत लिहिले आणि आधुनिक हिंदी कवितेतले पहिल्या फळीतले नाव झाले. धाकट्याने मराठीत कविता, कादंबऱ्या आणि सौंदर्यविचार लिहिला आणि त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गजाननरावांची जवळपास दहा वर्षे नागपुरात गेली. शरच्चंद्रांचे अध्यापनही नागपुरातच झाले. मातृभाषा एकच, शेजारची भाषा एकच, तरी लिहिण्याची वाट दोघांनी वेगळी निवडली, आणि कोणाचीही दुसरी भाषा पहिलीच्या आड आली नाही. दोन्ही भाषांना मान आहे, वाचक आहेत, व्यासपीठ आहे, अशा वातावरणात ते वाढले आणि जगले. छत्तीसगडी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजच्या मुलाला असे वातावरण मिळत नाही. क्षमतेत ते मूल त्या भावांहून कमी आहे, असे मानायला कोणताही आधार नाही.

पुस्तकाची मांडणी वयाच्या क्रमाने आहे : तान्हे बाळ, अंगणवाडीतले मूल, प्राथमिक शाळा, किशोरवय, कामाची वर्षे आणि वार्धक्य. पालकांनी पहिली दोन प्रकरणे आणि सेविकांनी दुसरे आवर्जून वाचावे. शिक्षकांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. वादग्रस्त निष्कर्ष जिथे आले आहेत तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत, वाचकाने आपल्या मुलाकडे पाहून त्यांचा पडताळा घ्यावा.

जाता जाता एक छोटी सूचना, जिला पैसा लागत नाही आणि शासन निर्णयही लागत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातले सुमारे २६ टक्के लोक दोन भाषा आणि सुमारे ७ टक्के लोक तीन भाषा सांगणारे निघाले, आणि तिथे मातृभाषेखेरीज दोनच भाषांची नोंद होते. शाळेच्या प्रवेश अर्जात तर सहसा मातृभाषेचा एकच रकाना असतो, आणि बहुतेक पालक तिथे शाळेला रुचेल ते उत्तर लिहितात. त्या जागी तीन प्रश्न विचारावेत : मुलाशी घरात कोण कोणत्या भाषेत बोलते, ते खेळताना कोणती भाषा बोलते, आणि रडताना कोणती. शाळेच्या पहिल्या आठवड्यात ही माहिती हाती आली, तर वर्गात किती भाषा हजर आहेत हे शिक्षकाला कळेल, आणि एखादे मूल गप्प का आहे, याचे अर्धे उत्तरही. मग धडा समजावताना अधूनमधून त्या मुलाच्या भाषेतला एक शब्द विचारायला फारसा वेळ लागत नाही.